ढाण्याच्या जागी

आमच्या गावात पट्टेरी कुत्रा दिसला की त्याच्या गळ्यात घुंगरू असायचंच, आणि ते तात्यांनी बांधलेलं असायचं. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. बंडीच्या खिशात तंबाखूच्या चंचीशेजारी घुंगरांची पुडी. एवढा धिप्पाड, मिशाळ माणूस कुत्र्यापुढे उकिडवा बसून दोरी ओवतोय, हे बघून लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मला हसू आवरेना. सासूबाईंनी डोळे वटारले, कारण मात्र सांगितलं नाही.

ही कुत्री आली किहीमच्या बंगल्यातून. स्वातंत्र्य मिळालं, बंगल्यातला साहेब विलायतेला गेला आणि त्याचा वासराएवढा कुत्रा माळ्याकडे राहिला. तांबूस अंग, त्यावर काळे पट्टे. त्याने आपला वंश गावभर वाटला. विणीत चार पिल्लं साधी निघाली, तरी एखादं पट्ट्यांचं असायचंच. एकदा त्याच बंगल्यात मुंबईचे पाहुणे उतरले, सोबत चपट्या नाकाचा पट्टेरी बॉक्सर. तात्या घुंगरू घेऊन हजर! पाहुणे चिडले. "अहो, हा खानदानी कुत्रा आहे, गावठी नाही."

"खानदान गोळीला दिसत न्हाय, सायेब," तात्या म्हणाले आणि गाठ मारूनच उठले.

त्यांची दुसरी खोड मात्र मला खुपायची. भाताला लोंब्या धरल्या की ते रोज माणकूच्या शेतावर राखणीला जायचे. माणकू विधवा, मूलबाळ नाही. डुकरं आली की हे डबा बडवायचे. घरात स्वतःची बंदूक गंजत पडलेली, आणि हे दुसरीच्या शेतात डबा बडवणार! वर तिच्या मागच्या दारी जमिनीवर बसून भाकरी खाणार. मी रांधलेलं तसंच. नव्या सुनेच्या मनात काय यायचं ते आलं, आणि मी ते नवऱ्याला बोलून दाखवलं. तो पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. मग त्याने सगळं सांगितलं.

माझ्या लग्नाआधी कनकेश्वराच्या डोंगरातून वाघ उतरल्याची आवई उठली होती. एक वासरूही गेलं होतं. दिवेलागणीला माणकूच्या बांधावर उभ्या असलेल्या तात्यांना भातातून पट्टे सरकताना दिसले. त्यांनी बार उडवला. तो ढाण्या होता, माणकूचा कुत्रा. तिच्या शेताचा एकटा राखणदार. ओळखीचा माणूस दिसला म्हणून त्यांच्याकडेच धावत निघाला होता.

माणकू रडली नाही. म्हणाली, "माझं शेत आता कोन राखनार?"

"मी," तात्या म्हणाले. ढाण्याला जिथे भाकरी मिळायची, तिथेच त्यांनी आपली मागून घेतली.

मी एकदा त्यांना म्हटलं, "तात्या, चूक कुणाचीही होते. किती मनाला लावून घ्यायचं?"

"वाघाचं पोट पांढरं असतं, सूनबाय. ढान्याचं न्हवतं. येवढं बघाया किती येल लागतो? तेवढा बी मी थांबलो न्हाय." मग खिशातली घुंगरांची पुडी चाचपत म्हणाले, "तिनं माफ केलं म्हंजे सुटलो."

दर साली कापणी संपली की ते तिच्या अंगणात उगाच रेंगाळायचे. एकदा पट्टेरी पिल्लूही घेऊन गेले. तिने ते घेतलं नाही. "पुढल्या साली या, तात्या," एवढंच ती म्हणायची. तात्या मान हलवून परत यायचे, आणि त्या दिवशी घरात कुणाशी बोलायचे नाहीत. मला त्या बाईचा संताप यायचा. काय हा दगड!

तात्या गेले ते भात कापणीला आलेलं असताना, साध्या तापाने. तेरावा झाला आणि मी तरातरा माणकूकडे गेले. म्हटलं, "मावशी, एक शब्द टाकला असतास तर माणूस सुखाने गेला असता."

ती सुकट निवडत होती. हात थांबले.

"मी त्यांना पयल्याच साली माफ केलं व्हतं गो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर यायचे थांबले असते." तिने पदर तोंडाला लावला. "शेताचं सोड. दारात मानसाचा आवाज व्हता तेवढाच."

भांडायला गेलेली मी तिच्याजवळ खाली बसले. सुकट बाजूला सारून तिने विचारलं, "आता मी कुनाकडं माफी मागू?"