कुंकवाचा करंडा आणि तलावाचं फाटक

अलकाताईंना बैठक बोलवायला फोन लागत नसे. पर्समध्ये आईचा चांदीचा करंडा असायचा. वस्तीत दारोदार जायचं, बाईला कुंकू लावायचं आणि "बुधवारी या हं" म्हणायचं. कुंकू लावून दिलेलं आवतन इथल्या तेलुगू घरांतही कुणी मोडत नाही. तारनाक्याच्या आमच्या छोट्या संस्थेत त्या बावीस वर्षं असंच काम करत आल्या. जामबागच्या शाळेत शिकलेल्या, नारायणगुड्यात संसार थाटलेल्या, दख्खनी उर्दूत भांडणाऱ्या आणि तेलुगूत समजूत घालणाऱ्या. मी रसिका, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागे पुण्याहून आलेली. माझं काम इंग्रजी अहवाल लिहिण्याचं, त्यामुळे संस्थेतली शहाणी मीच, असा माझा समज होता.

शहराबाहेरच्या एका तलावाचं काम परदेशी मदतीतून निघालं. गाळ काढायचा, सांडपाणी अडवायचं, भोवती कुंपण, फिरायला वाट आणि एक फाटक. काठावरच्या बायकांना विचारल्याशिवाय आराखडा पक्का करायचा नाही, अशी मदत देणाऱ्यांची अट होती. ही अट घालून घ्यायला आमच्यासारख्या संस्थांनी वर्षानुवर्षं डोकेफोड केली होती. अलकाताईंनी शेहेचाळीस बायका जमवल्या आणि सगळ्यांनी होकार दिला. कुंकू लावतानाचा छानसा फोटो मी अहवालाच्या मुखपृष्ठावर टाकला. मदत देणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी वाहवा केली, आणि मी आठवडाभर हवेत होते.

आराखडा मंजूर करायच्या शेवटच्या बैठकीला दहा दिवस असताना अलकाताई सकाळीच तलावावर गेल्या. गुडघाभर पाण्यात अकरा बायका म्हशींसाठी हिरवा चारा कापत होत्या. त्यांतलं एकही नाव आमच्या यादीत नव्हतं. अलकाताईंनी त्यांतल्या सर्वांत वयस्क बाईंना, चतुराबाईंना विचारलं, तुम्ही बैठकीला का नाही आलात?

चतुराबाईंनी विळा थांबवला नाही. "तुमी कुंकू घेऊन आलात. आमी दारं लावून घेतली."

चतुराबाई धरून अकरांपैकी नऊ जणी विधवा होत्या. नवरा गेल्यावर हा चाराच त्यांच्या हाताशी उरला होता. नवं फाटक उघडणार सकाळी आठला, चारा लागतो पहाटे. म्हणजे आमच्या त्या देखण्या आराखड्याने सर्वांत आधी या बायकांचंच काम बंद होणार होतं.

अलकाताई ऑफिसात आल्या त्या रडवेल्या चेहऱ्याने. संस्थेचे प्रमुख उदयसर म्हणाले, आता यादी चुकली म्हटलं तर संस्थेवर कोण विश्वास ठेवेल? काम सुरू होऊ दे, मग बघू. खरं सांगते, मीही त्यांच्याच बाजूने बोलले. मुखपृष्ठावरचा फोटो माझा होता ना! अलकाताईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि करंडा टेबलाच्या खणात ठेवून दिला.

बैठकीत पाहुणे, अधिकारी, आम्ही असे वीसेक जण होतो. अलकाताई उठल्या. मी भाषांतराला शेजारी.

"ही यादी माझी आहे, आणि ती चुकीची आहे. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांनाच मी वगळलं. अशा घरी कुंकू घेऊन जायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून त्या दारांवरून मी मान खाली घालून पुढे गेले. चूक कसली, सवयच ती."

मी ते शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. उदयसर छताकडे बघत होते. मग अलकाताईंनी सोबत आणलेल्या, मागच्या खुर्चीवर बसलेल्या चतुराबाईंना पुढे बोलावलं. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या: मागच्या बाजूला पहाटे उघडणारं फाटक, आणि चाऱ्याचा पट्टा तसाच ठेवणं.

मंजुरी तीन महिने लांबली. तेवढे दिवस उदयसर आमच्याशी कामापुरतंच बोलले. पण पाहुण्यांच्याच अभियंत्याने तपासून सांगितलं की तो चारा पाण्यातली घाण धरून ठेवतो, उपटणं वेडेपणा होईल. दुसरं फाटक झालं. आणि त्या मदत संस्थेच्या छापील तक्त्यात एक नवा रकाना आला: कोण आलं नाही, आणि का? आता त्यांच्या प्रत्येक कामात तो भरावा लागतो. या रकान्याचा मला माझ्या सगळ्या अहवालांहून जास्त अभिमान आहे.

फाटक उघडलं त्या दिवशी अलकाताईंनी आपला करंडा चतुराबाईंच्या हातात दिला. आता आवतन तुम्ही द्यायचं, म्हणाल्या. चतुराबाईंनी तो पदरात गुंडाळला आणि लगेच निघून गेल्या. दोन महिने त्याचा विषय निघाला नाही. आपण त्यांना दुखावलं, असं अलकाताईंच्या मनाने घेतलं.

मागच्या सोमवारी मी नारायणगुड्याला अलकाताईंकडे चहा घेत होते. दार वाजलं. दोन बस बदलून चतुराबाई आल्या होत्या. त्यांनी करंडा उघडला, कुंकवात बोट बुडवलं आणि तिथेच थांबल्या.

"चालंल का, ताई?"

अलकाताईंनी कपाळ पुढे केलं. सवय मोडल्यामुळे कुंकू भुवईकडे पसरलं. चतुराबाईंनी मलाही लावलं, बुधवारी सहाला तलावावर या म्हणाल्या, आणि पाणीसुद्धा न पिता निघाल्या. त्यांना अजून दहा दारं करायची होती.

अलकाताई आरशासमोर गेल्या. मला वाटलं, पुसून नीट करतील. त्यांनी फक्त डोळे टिपले आणि तशाच कपाळाने ऑफिसला आल्या.