द्वारकाबाईंच्या जागेवर सोयाबीनचा कट्टा

वडीगोद्रीच्या फाट्यावर फकरोद्दीन मिस्त्रींचं गॅरेज आहे, पण त्यावर बोर्ड नाही. ज्याला कुणी ओळखत नाही त्याला बोर्ड लागतो, असं ते स्वतःच सांगतात. नम्रता त्यांच्याकडे औषधालाही सापडायची नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना तिची गरजही पडलेली नाही. जुन्या जालन्यात एका उस्तादाच्या हाताखाली त्यांनी अकरा वर्षं ट्रकची इंजिनं खोलली, मग इथं येऊन तेवीस वर्षं स्वतःचं बस्तान मांडलं. डिझेल गाड्यांत कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांच्या वयाच्या कित्येक मिस्त्र्यांनी हात टेकले. यांनी पन्नाशीत स्कॅनर विकत घेतला आणि चष्मा लावून तो शिकले.

त्यांची एक अट मात्र जुनीच आहे. गाडी जशी आजारी पडते तशीच आणायची. रोज बसणारी माणसं, रोजचं सामान, सगळं घेऊन. यावर लोक हसतात, वऱ्हाड घेऊन येऊ का म्हणतात, आणि शेवटी घेऊन येतात.

कुंभार पिंपळगावच्या बद्रीनाथ यांच्या मुलाला, कल्याणलाही, त्यांनी फोनवर हेच सांगितलं होतं. सोमवारी सकाळी कल्याण आपली सात सीटची गाडी घेऊन आला. सोबत बायको प्रियदर्शनी आणि दोन लेकरं. आईवडील मात्र मागून एसटीनं आले. फाट्यावर उतरून त्याची आई, द्वारकाबाई, सावकाश चालत आल्या. त्यांचे पाय सुजलेले होते.

"गाडी घरची असून एसटी?" फकरोद्दीन यांनी विचारलं.

कल्याणनं मान दुसरीकडं वळवली. "गाडी आईलाच पाहून रुसती, चाचा. मी एकटा मोंढ्यात गेल्तो, काही न्हाई. जालन्यात दाखवली, त्यांनी चक्कर मारली, काही न्हाई. तरी म्हणले टर्बो बदला. आणि आई बसली की अर्ध्या वाटंत दम सोडती. आज आई नव्हती, तर बिलकुल बराबर आली."

टर्बो हा फकरोद्दीन यांचा जिव्हाळ्याचा विषय. इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा तो. इंजिनात हवा दाबून भरतो आणि त्या दाबावर गाडीला ताकद येते. दाब कमी पडला की गाडी रांगायला लागते आणि सगळे खापर टर्बोवर फोडून मोकळे होतात. इथं तर टर्बोच्या जोडीला एका बाईवरही फुटलं होतं.

गॅरेजच्या मागंच त्यांचं घर. त्यांच्या बेगम रहिमुन्निसा यांनी द्वारकाबाईंना आत नेऊन खाटेवर बसवलं, चहा विचारला. द्वारकाबाईंनी अर्धाच कप घेतला; त्यांना पाणी मोजून प्यावं लागतं. दोन्ही मूत्रपिंडं थकलेली, आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. बोलता बोलता त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"गेल्या मंगळवारी अंबडच्या अलीकडं गाडी अडकली. पोरगं वैतागलं व्हतं. म्हणलं, तू बसली की असंच व्हतं, तुझीच पनवती लागली गाडीला. मंग मीच म्हणलं, न्हाई बसायचं आता. शुक्रवारी गेलेच न्हाई. उद्याही जात न्हाई. कशाला सगळ्यांना तरास?"

रहिमुन्निसांनी बाहेर येऊन नवऱ्याला हे जसंच्या तसं सांगितलं. फकरोद्दीन यांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. ही बाई गाडीत बसून डायलिसिसला गेली नाही तर मरेल, इतकी साधी गोष्ट होती. त्यांनी कल्याणला समोर उभं केलं.

"आई असल्यावर एसी चालू असतो?"

"हो. तिला घाबरल्यासारखं व्हतं ना."

"आणखी कोण बसतं?"

"बापू, ही, दोन लेकरं. गादी, पाण्याचा जार."

"आणि तू जल्दीत असतो."

"डायलिसिसची नऊची पाळी असती, चाचा."

"एकटा असला की?"

"काचा खाली. आरामात."

शेजारच्या तातेरावांच्या आडत दुकानातून फकरोद्दीन यांनी सोयाबीनची पाच पोती, इकडं त्यांना कट्टे म्हणतात, उसनी मागवली. तातेराव भाव विचारत मागं आले, तर कट्टे गाडीत चढताना दिसले. बद्रीनाथबापूंच्या जागेवर एक, प्रियदर्शनीच्या जागेवर एक, लेकरांच्या जागेवर एक, मागं सामानाचा एक. आणि मधल्या सीटवर खिडकीशी, द्वारकाबाईंच्या जागेवर, एक. त्याला फकरोद्दीन यांनी स्वतः पट्टा लावला.

"वहिनी, तुम्ही खाटेवरच बसा," ते आत डोकावून म्हणाले. "ही गाडी तुमच्याबिगर जाऊन राह्यली."

कल्याणनं गाडी काढली. फकरोद्दीन स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसले. पडद्यावर दोन आकडे होते: इंजिन किती दाब मागतंय आणि त्याला किती मिळतोय. गावातून जाताना दोन्ही बरोबरीनं चालले. हायवेला लागल्यावर ते म्हणाले, "एसी लाव. नऊची पाळी आहे असं समज." पुलाच्या चढावर कल्याणनं पाय दाबला. मागणीचा आकडा वर गेला, मिळकतीचा खालीच राहिला. फुस्स असा आवाज आला, आरशात काळा धूर दिसला, समोर इशाऱ्याचा दिवा लागला आणि गाडी रांगायला लागली.

कल्याणनं वळून मधल्या सीटकडं पाहिलं.

रांगतच ते परत आले. इंजिन थंड झाल्यावर फकरोद्दीन यांनी टर्बोचा पंखा बोटानं हलवून पाहिला. तो ठणठणीत होता. मग टर्बोची हवा पुढच्या जाळीकडून इंजिनाकडं आणणारा रबरी पाईप काढला. खालच्या अंगाला तेलकट काळा ओघळ होता. पाईप वाकवला की तिथं बोटभर चीर उघडायची, सोडला की मिटून जायची. रिकाम्या गाडीत दाब कमी, म्हणून चीर मिटलेली. भरल्या गाडीत दाब वाढला की सगळी हवा तिथून पसार.

हे त्यांनी कल्याणला नाही, द्वारकाबाईंना दाखवलं. पाईप त्यांच्याच हातात दिला. त्यांनी दोनदा वाकवून पाहिला.

"म्हंजी आज बंद पडली?" त्यांनी मुलाला विचारलं.

"हो, आई."

"माझ्या जागेवर कोण व्हतं?"

"सोयाबीनचा कट्टा."

"मंग त्याला काय म्हणलास?"

कल्याण खाटेपाशी खाली बसला आणि त्यानं आईच्या सुजलेल्या पायांवर हात ठेवला. बद्रीनाथ उठून बाहेर गेले. रहिमुन्निसांनी पदर डोळ्यांना लावला.

अंबडहून नवा पाईप येऊन बसेपर्यंत दीड वाजला. कट्टे उतरले, माणसं चढली. द्वारकाबाई दारापाशी क्षणभर थांबल्या, मग आत बसल्या. एसी लावून फकरोद्दीन यांनी त्यांना पुलावरून नेलं. दोन्ही आकडे शेवटपर्यंत बरोबरीनं चढले. फकरोद्दीन फाट्यावर उतरले आणि कल्याणनं गाडी पिंपळगावच्या दिशेला वळवायला घेतली.

"घरी कशाला?" मागून द्वारकाबाई म्हणाल्या. "शुक्रवारची पाळी राह्यली ना? जालन्याला घे."