सोपानची भिंत: खाली माती, वर वीट

भिंतीवर नुसती टिचकी मारून आत काय हाय ते सांगणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात मी एकटाच! मागं एका पाहुण्याच्या घरी टिचकी मारली आन् छातीठोक सांगितलं, "पक्की वीट!" पलीकडून बाईमाणूस वरडलं, "कोण हाय रे? आंघूळ चालू हाय!" चुना मारलेला पत्रा होता.

शाळेत मास्तरांनी मला भिंतीकडं तोंड करून लई वेळा उभं केलं, तेवढाच आपला भिंतीचा अभ्यास. पण आमच्या सोपानच्या भिंतीपायी गावातल्या सलूनच्या बाकड्यावर इतके किस्से साचलेत, की दाढीला आलेला माणूस दाढी न करताच हसत घरी जातो.

गोष्ट साधी हाय. सोपानची पोरगी मनीषा औषधाचं शिकली. तिला गेवराईत मेडिकल टाकायचंय. गाळा बघून ठेवला. गाळेवाला म्हणाला, "दसऱ्यापर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो." म्हणून सोपान घर बँकेत गहाण ठेवायला निघाला. बँकेनं किंमत काढायला इंजिनियर धाडला, आन् तिथून सगळ्यांची डोकी फिरली.

*

पहिला इंजिनियर अंगानं बुटका. स्वयंपाकघरात उकिडवा बसला आन् किल्लीनं गिलावा खरवडला. भुरुभुरु माती! रिपोर्ट दिला, 'भिंती मातीच्या.' किंमत एवढी कमी, की तेवढ्यात दुकानाचं शटरबी आलं नसतं.

सोपान बोंबलला, "सायब, विटा मी ह्या हातानं वाहिल्यात!"

सायब म्हणाले, "मग गेल्या कुठं?"

सोपान माझ्याकडं बघाय लागला. जसं काय मीच चोरून नेल्या!

*

सोपाननं हरकत घेतली. बँकेनं दुसरा इंजिनियर धाडला. हा गडी चौकटीतून वाकून आत आला. उभ्या उभ्याच, त्याच्या डोक्याच्या उंचीवर छिन्नी मारली. लालभडक वीट, सिमेंटात बसवलेली! रिपोर्ट, 'भिंती पक्क्या विटांच्या.'

एक घर, दोन रिपोर्ट. मॅनेजर सायबांनी दोघांनाबी एकदमच पाठवलं. बुटका खाली बसून म्हणतो "माती", उंच उभा राहून म्हणतो "वीट". भांडण जुंपलं. मी मध्ये पडलो. बुटक्या सायबांना म्हणलं, "चढायला पाट देऊ का?" ते चिडले. मग उंच सायबांना म्हणलं, "तुमच्यासाठी खड्डा खांदू का?" तेबी चिडले! भलाईचा जमानाच न्हाई.

*

शेवटी भिंत बांधणाऱ्या गफूर मिस्त्रीला साक्षीला आणलं. मिस्त्री म्हणाला, "दोघं सायब बराबर हायेत."

मग उलगडलं. सोपान आन् त्याची बायको गयाबाई दरसाल ऊसतोडीला जायची. कारखान्याचा पट्टा पडला, म्हंजे हंगाम संपला, की गावी येऊन हातात उरलं तेवढीच भिंत चढवायची. पहिल्या सालांत माती. मग मातीत वीट. बरकत आली तसं सिमेंट. सगळ्यावर एकच गिलावा आन् एकच पोपटी रंग!

"एका साली तर," मिस्त्री म्हणाला, "तुमी दोघं कड्याच्या कारखान्यावर होता. निरोप आला, दोन थर चढव. मी चढवले. पर घराला कुलूप, दारात कोणी न्हाई... मला वाटतं ते बबनच्या भिंतीवर चढले."

बबन म्हणजे शेजारी. तोबी तिथंच होता. म्हणाला, "तरीच! परत आलो तर घर उंच झालतं. मी समजलो घरकुलाची योजना आली!"

सोपान म्हणाला, "माझे दोन थर दे."

बबन म्हणाला, "काढून ने. पण त्याच्यावर माझा स्लॅब हाय, तेवढा धरून उभा राहा!"

*

आता कोणालाच काही कळंना. बुटके सायब म्हणाले, अर्धी किंमत धरा. मी म्हणलं, "म्हणजे पावसात अर्ध्या घरात राहायचं?" उंच सायब म्हणाले, बबनच्या भिंतीचीबी किंमत काढावी लागंल. बबन घरात जाऊन कडी लावून बसला. मनीषा कंटाळून म्हणाली, "काका, डोकं दुखायची पहिली गोळी मलाच लागणार."

*

दसरा तोंडावर आला. मॅनेजर सायब स्वतः आले. दोन्ही इंजिनियर दोन्ही बाजूला, मी आन् मिस्त्री मागं. सायबांनी भिंत खालून बघितली, वरून बघितली, चष्मा काढून बघितली. गयाबाईनं च्या दिला. इतक्या दिवसांत ती बाई एक शब्द बोलली नव्हती.

सायब सोपानला म्हणाले, "हे बघा, मी मधला मार्ग काढतो. वरच्या विटांच्या भिंतीची पूर्ण किंमत धरतो. खालच्या मातीच्या भिंतीची किंमत शून्य. बँकेच्या दृष्टीनं ती नाहीच. बोला, चालेल का?"

सोपाननं माझ्याकडं बघितलं. मी मिस्त्रीकडं. मिस्त्री आढ्याकडं.

गयाबाईनं सायबांच्या हातातली कपबशी घेतली आन् म्हणाली, "चालंल की सायब! उद्या पोरीचा हप्ता चुकला, तर तुमची वरची भिंत खुशाल घिऊन जा. पर काढताना आमच्या खालचीला धक्का लागू देऊ नका!"