दोनशे बायका आणि एक प्रश्न

एमडीएसच्या थिसिससाठी दीपानं विषय घेतला होता, तंबाखू आणि बायकांच्या तोंडाचे आजार. गाव बेलापूर, म्हणजे तिचं स्वतःचंच. शहाण्णवच्या उन्हाळ्यात दारोदार हिंडून तिनं दोनशे बायका तपासल्या. पहिला फॉर्म आईचा, छबूबाईचा. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला झाडून सगळ्यांनी नाही म्हटलं. आणि निम्म्याजणींच्या गालाला आतून पांढरे चट्टे! खुद्द आईच्याही.

"घरी बसून फॉर्म भरलेत की काय?" म्हणत कॉलेजातल्या गाईड सरांनी गठ्ठा परत केला. दीपाच्या अंगाचा तिळपापड झाला. तणतणतच ती गावी आली.

सकाळी उठली ती ओळखीच्या जळक्या वासानं. अंगणात छबूबाई तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करत होती.

"आये, तू तर तंबाखू न्हाई म्हणालीस!"

"मग? मी खाती कुठं? दात घासती की!"

दीपानं कपाळावर हात मारला. उभा जन्म हे बघत आली, तरी विचारायचं सुचलं नाही! मग तिनं आईला आरशात तो चट्टा दाखवला. मिश्री सुटली तर हा बरा होऊ शकतो, असं चार वेळा समजावलं. छबूबाई भाजलेली मिश्री डबीत भरत राहिली.

दुसऱ्या दिवशी दीपा नवे फॉर्म घेऊन निघाली, तर छबूबाई स्वतःच पुढ्यात येऊन बसली.

"दात कशानं घासता?" दीपानं विचारलं.

"मिश्रीनं. कालपत्तूर," छबूबाई म्हणाली. "कालपत्तूर, आसंच लिव्ह."