शाई लागलेलं बटण

ती घटना आठवली की आजही पहिला राग येतो तो माझा मलाच. नोकरीत चोर हातून सुटले, तपास फसले, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. त्याचं आता काही वाटत नाही. पण एका विधवा बाईला मी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं होतं आणि तिच्या मांडीवर तिची पाच वर्षांची मुलगी होती. ते चित्र काही डोळ्यांपुढून हलत नाही.

शतक बदलून सात-आठ वर्षं झाली असतील. मी तेव्हा शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. आमच्याकडच्या चोऱ्या म्हणजे विहिरीवरची मोटार, खळ्यावरची भाताची पोती, फार तर कुणाच्या घरचं मंगळसूत्र. अशा चोरीत बघायला काहीतरी असतं. कडी तुटलेली असते, कौल सरकलेलं असतं, चिखलात पाऊल उमटलेलं असतं. त्यावर आमची अक्कल चालायची आणि बऱ्यापैकी चालायची, असा माझा समज होता.

एका सोमवारी सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच एक पस्तिशीचा माणूस बँकेचं पासबुक घेऊन माझ्या टेबलापुढे उभा राहिला. त्याच्या वडिलांची जमीन पाण्याच्या पाइपलाइनमध्ये गेली होती आणि तिची भरपाई वडिलांच्या खात्यात जमा झाली होती. वडिलांना दहा दिवसांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. म्हातारा शहापूरच्या दवाखान्यात पडून होता. औषधपाण्याला पैसे हवेत म्हणून मुलानं पासबुक भरून आणलं, तर खात्यात जेमतेम काही शे रुपये उरलेले.

"साहेब, ना चेक फाटला, ना कुनी इसलीप भरली. पैसं गेलं कसं?" तो म्हणाला. मग माझ्याकडे वाकून हळूच पुढे म्हणाला, "घरानच चोर हाय. आमची धाकटी भावजय. तिनं मुरबाडला कॉम्प्युटरचा कोर्स केलाय. बाबांना फसवून तिनंच ते इंटरनेटचं सुरू करवलं."

धाकटी भावजय म्हणजे त्याच्या मेलेल्या भावाची बायको. भाऊ दोन वर्षांपूर्वी साप चावून गेला होता. मी गुन्हा दाखल केला नाही, अर्ज चौकशीवर ठेवला आणि बँकेत गेलो.

बँकेचे व्यवस्थापक बदलून गेले होते, नवे यायचे होते. काउंटरवरच्या बाबूंनी पासबुकातली ती ओळ पाहिली. तारीख, रक्कम आणि मध्ये इंग्रजीतली सहा अक्षरं. "हे इंटरनेट बँकिंगचं दिसतंय," ते म्हणाले. पैसे कुठे गेले ते सांगायला मुंबईच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहावं लागेल आणि उत्तराला पंधरा-वीस दिवस लागतील, असंही म्हणाले. मी त्यांना विचारलं, हा इंटरनेट बँकिंग प्रकार आहे तरी काय. त्यांनी सांगितलं ते मी डायरीत उतरवून घेतलं. ग्राहकाला बँक एक पाकीट देते, त्यात परवलीचा शब्द असतो. तो कॉम्प्युटरवर टाकला की बँकेत न येता खात्यातली शिल्लक बघता येते, लाइटचं नि फोनचं बिल भरता येतं, चेकबुक मागवता येतं, मुदत ठेव करता येते, दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवता येतात.

"आणि सही?" मी विचारलं.

"सही लागत नाही. बटण दाबलं की झालं."

मी डायरी मिटली. सही नाही, साक्षीदार नाही, काउंटरवर कुणी तोंड पाहिलेलं नाही आणि लाखांची रक्कम खात्यातून जाते. मग पंचनामा कशाचा करायचा? मी लिहिलेल्या पाच ओळींतली शेवटची ओळ तेवढी माझ्या डोक्यात राहिली. दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवता येतात. घरात कॉम्प्युटर येणारं माणूस एकच. चोर सापडला, आता कबुलीच घ्यायची, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जीप पाठवली. जीप गावात देवळापुढे उभी राहिली, महिला शिपाई घरात गेली आणि सगळ्या आळीदेखत त्या बाईला मुलीसकट घेऊन आली. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, हा नियम मला तोंडपाठ होता. पण ठाण्यात आणलं की माणूस लवकर बोलतं, हाही आमच्या खात्यातला एक अनुभव. मी नियम गुंडाळून ठेवला आणि अनुभव वापरला.

तिचं वय पंचविशीच्या आत असेल. अंगानं बारीक, नजर सरळ.

"पैसे तू काढलेस?"

"मी पैशाला हात लावला नाय."

"मग गेले कुठे?"

"ते मी सांगनार नाय."

मी टेबलावर हात आपटला. "म्हणजे तुला माहीत आहे!"

"माहीत हाय," ती म्हणाली. "मामा बोलायला लागलं की त्यांना इचारा. त्यांना मी शब्द दिलाय."

मामा म्हणजे तिचा सासरा, तोच वाचा गेलेला म्हातारा. डॉक्टर म्हणत होते की बोलणं परत येईलच असं नाही. आता ज्याला बोलता येत नाही त्याचं नाव पुढे करायचं, ह्याला काय म्हणावं? मला तो शुद्ध बेरकीपणा वाटला. मी आवाज चढवला, समजावून पाहिलं, तुरुंगाची भीती घातली. दुपारी महिला शिपायानं पोरीला बिस्किटाचा पुडा दिला, तो पोरीनं आईला विचारल्याशिवाय फोडला नाही. पाचच्या सुमारास मी त्यांना घरी जायला सांगितलं. सोडायला जीप दिली नाही. स्टेशन डायरीत नोंद केली, 'संशयित महिला सहकार्य करीत नाही.'

दोन दिवसांनी कळलं की थोरल्या दिरानं, म्हणजे अर्ज देणाऱ्यानंच, तिचं सामान ओटीवर काढून ठेवलं. चोरटीला घरात ठेवणार नाही, महिनाअखेर तिनं माहेरी जावं, असं त्यानं गावासमोर सांगितलं. तिचं माहेर डोळखांबकडच्या एका पाड्यावर. तिथे आधीच खाणारी तोंडं सात होती. मी मनात म्हटलं, आता तरी बोलेल. तरीही ती बोलली नाही आणि माझ्या डोक्यातला गुंता वाढत गेला. चोर इतका हट्टानं बसत नाही. तो काहीतरी खोटं सांगून मोकळा होतो. ही खोटंही सांगत नव्हती.

खबर आणली ती काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या एकानं. हा माणूस शहापूर-मुरबाड फेऱ्या मारायचा आणि अधूनमधून आम्हाला बित्तंबातमी द्यायचा. चहा पिता पिता म्हणाला, "साहेब, म्हाताऱ्याला लकवा मारायच्या आधी आठ दिस, तो आनि त्याची सून माझ्याच गाडीन शहापूरला आलती. जाताना म्हाताऱ्याचा अंगठा निळा. मी म्हटलं, बाबा, जमीन इकली का काय? तर नुसता हसला."

"आणखी काही?"

"आनखी म्हंजे, थोरल्यानं नवी जीप घ्यायला बयाना दिलाय. बाकीचं पैसं बापाच्या खात्यातून देनार, असं सांगत फिरतो."

अंगठ्याला शाई म्हणजे दस्त. सुनेनं म्हाताऱ्याकडून एखादा कागद करून घेतला असणार, अशी मी खूणगाठ बांधली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन त्या दिवसाचं रजिस्टर पाहिलं. म्हाताऱ्याचं नाव नाही. तलाठ्याकडे नाही, सोसायटीत नाही. उन्हात कचेऱ्या पालथ्या घालून हाती काय, तर घाम. शाई लागली होती हे नक्की, पण ती लागली कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगतो, त्या दिवसाइतका बावचळलेला मी नोकरीत दुसऱ्यांदा झालो नाही.

शेवटी जीपवाल्यालाच सोबत घेतलं आणि म्हटलं, ती दोघं गाडीत कुठून येऊन बसली ती जागा दाखव. त्यानं बाजारातली एक गल्ली दाखवली. गल्लीत दुकान एकच उघडं होतं. बाहेर झेरॉक्स आणि टायपिंगची पाटी, आत तीन कॉम्प्युटर आणि इंटरनेट. दुकानदाराला म्हाताऱ्याचं वर्णन सांगितलं तर तो हसायलाच लागला.

"त्यांना कसं इसरेन, साहेब? आत येताना चप्पल बाहेर काढली. मशिनीला हात जोडले. सूनबाई बाजूला बसून वाचून दाखवत होती, पन परवलीचं पाकीट बाबांच्याच हातात. त्या पाकिटाला हळदीकुंकू लावलेलं. म्हटलं, हे काय? तर बोलले, लक्ष्मीपूजनाला पुजलंय."

"पुढे?"

"पुढं मशीन शेवटी इचारतं ना, तुमची खात्री हाय का म्हनून. ते त्यांनी तीनदा वाचून घेतलं. मग डोळे मिटून जरा वेळ बसले. सून म्हनाली, मामा, आता हे बटन दाबा. तर माझ्याकडं शाईचा पॅड मागितला. मी बोललो, बाबा, इथं शाई नाय लागत. ऐकतात कुठं? बोलले, सही शिकलोय मी, पन सही कोन पन करील. अंगठा माझा तो माझाच. बघा, किती पुसलं तरी जात नाय."

त्यानं कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. उजवीकडच्या सगळ्यात मोठ्या बटणावर निळा डाग होता.

मी तिथेच खुर्चीवर बसलो. ज्या गुन्ह्यात सही नाही, साक्षीदार नाही म्हणून मी डोकं धरून बसलो होतो, त्यात म्हाताऱ्यानं स्वतःहून अंगठा उठवून ठेवला होता. मग मला पहिल्यांदा माझ्या डायरीतल्या इतर चार ओळी आठवल्या. शिल्लक, बिल, चेकबुक आणि मुदत ठेव.

बँकेत जाऊन बाबूंना म्हटलं, "त्या खात्याचं राहू द्या. म्हाताऱ्याच्या नावावर दुसरं काही आहे का, ते बघा." त्यांनी दोन बटणं दाबली आणि पडदा माझ्याकडे वळवला. पाच वर्षांची मुदत ठेव होती. म्हाताऱ्याच्याच नावानं, पैन् पैसा जागेवर, वारस म्हणून नातीचं नाव.

"हे तुम्हाला त्या दिवशी का दिसलं नाही?"

"तुम्ही पैसे कुणी नेले ते विचारलंत, साहेब. हे विचारलंच नाही," ते म्हणाले. मी ठेवीचा तपशील कागदावर छापून मागितला.

तो कागद घेऊन मी दवाखान्यात गेलो. म्हाताऱ्याला वाचून दाखवला आणि विचारलं, "बाबा, हे तुम्ही केलंत?" त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं डावा हात उचलला, माझ्या तळहातावर अंगठा टेकवला आणि जोरानं दाबला. एकदा नाही, तीनदा.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो, म्हणजे नियमाप्रमाणे जायला हवं होतं तसा. ती ओटीवर सामानाशेजारी तांदूळ निवडत होती. मुलीनं माझी खाकी पाहिली आणि आईच्या पाठीमागे लपली.

"तू हे मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"कसं सांगू? बँकेत जावं तर तिथला शिपाई आमच्या गावचा. म्हनून तर मामा त्या दुकानान आले. तुमाला सांगितलं असतं तर तुमी भावजींना सांगितलं असतं. भावजींनी मामांचा अंगठा धरून कागदावर उठवला असता. उजवा तर मेलाच हाय, डावा कितीसा जोर करनार? माझ्या पोरीच्या बापाचा वाटा हाय तो. मामा बोलले होते, मी बरा हाय तवर कुनाला कळू देऊ नको. ते बरे नाय, म्हनून काय शब्द मोडायचा?"

मी म्हणालो, "माझी चूक झाली." सत्तावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी कुणा नागरिकाला म्हटलं नव्हतं.

ती तांदळातून मान वर न करता म्हणाली, "मला एकटीला नका सांगू, साहेब. जीप देवळापुढं आणून न्यायला आलात. तशीच जीप आना, आमाला बसवा आनि देवळापुढं उतरवा. मग काय ते बोला."

तिचं खरं होतं. स्टेशन डायरीतली नोंद खोडता येत नाही, खाली दुसरी नोंद करावी लागते. गावात माझी पहिली नोंद झाली होती ती देवळापुढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघींना जीपमध्ये बसवून देवळापुढे आणलं. पोरगी आधी बसायला तयार नव्हती, आईनं तिला उचलून घेतलं. माणसं जमली. मी मोठ्यानं सांगितलं की पैसे चोरीला गेलेले नाहीत, ते बँकेत बाबांच्याच नावावर आहेत. ह्या बाईनं एका पैशाला हात लावलेला नाही, तिला मी ठाण्यात नेलं ती माझी चूक. थोरला पुढे होऊन म्हणाला, "बँकेत हायती तर कुठल्या खात्यात, ते तरी सांगा."

"बाबांना बोलता आलं की त्यांना विचार," मी म्हणालो. "आणि तोवर कुणी त्यांचा अंगठा कागदावर घेतला तर मी परत येईन. तेव्हा जीपमध्ये तू असशील."

तो गर्दीत मागे सरकला. तिच्या सासूनं ओटीवरचं सामान उचललं आणि आत नेलं. बँकेलाही मी लेखी कळवलं की ठेवीबद्दल कुणी आलं तर आधी ठाण्याला विचारावं.

आज माझं निवृत्तिवेतन बँकेत जमा होतं आणि मुलगा घरात बसून कॉम्प्युटरवरच सगळे व्यवहार करायला शिकवतो. बिल भरा, ठेव करा, पैसे पाठवा, सगळं येतं मला आता. मशीन चोर नसतं, एवढं मी शिकलो. गप्प बसणारा प्रत्येक माणूस काही लपवत नसतो, कधी तो काहीतरी राखत असतो, हेही शिकलो, पण फार उशिरा. दर वेळी ते मशीन शेवटी मला विचारतं की आपली खात्री आहे का. तो अडाणी म्हातारा त्या प्रश्नापाशी डोळे मिटून थांबला होता. मी देवळापुढे जीप पाठवली, तेव्हा क्षणभरही थांबलो नव्हतो.