चार वर्षांची मॅट्रिक

प्रमोदिनी इंग्रजी चौथीत गेली, तेव्हा मॅट्रिकला अजून चार वर्षं होती. पण त्याच जूनमध्ये तिचे वडील दिनानाथ, म्हणजे अप्पा, मुंबईहून मॅट्रिकच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. ते स्वतः दोनदा मॅट्रिकला बसून दोन्ही वेळा गणितात गचकले होते. मग वसईतली केळीची वाडी आणि ते.

"सगळे शेवटच्या वर्षी जागे होतात," ते म्हणाले. "आपण आत्तापासून लागू. कॉलेजात जायचं तर काठावर पास होऊन भागत नाही."

शाळेतून आलं की माडीवर. दर रविवारी एक पेपर, घड्याळ लावून. पहिल्यांदा गणितात बत्तीस पडले, दिवाळीपर्यंत सत्तेचाळीस. तिलाही मौज वाटली. पन्नास झाले की रविवारी शेजारच्या क्लेमेंटीनकडे जायचं, असं ठरलं होतं. खाली अंगणात बायका उन्हात वाळवायच्या सुकेळ्यांसाठी राजेळी केळी सोलत बसायच्या, क्लेमेंटीनही त्यांच्यात असायची, आणि तिचं हसणं वर खिडकीपर्यंत यायचं.

माघात बावन्न पडले. अप्पांनी उत्तरपत्रिका दोनदा तपासली.

"बघ, होतंय. आता साठ."

"पण अप्पा, क्लेमेंटीनकडे..."

"साठ झाल्यावर जा की."

आई, शांता, पायरीशी उभी होती. "पोरीला जरा वारा लागू दे," एवढंच म्हणाली. अप्पांनी ऐकलं, मान हलवली आणि नवा पेपर काढला.

गुण वाढले की मर्यादा वाढते, हे प्रमोदिनीच्या लक्षात आलं. म्हणून पुढच्या रविवारी तिने मुद्दाम चुका केल्या. चाळीस पडले. अप्पा रागावले नाहीत. "सराव कमी पडतोय," म्हणाले, आणि पहाटेचा एक तास वाढवला.

तेव्हापासून तिने गुण एका जागी धरून ठेवले, चोपन्नावर. हे सोपं नव्हतं. आधी सगळा पेपर बरोबर सोडवायचा, मग कुठलं उत्तर बिघडवायचं ते ठरवायचं. घरी तसंच, शाळेतही तसंच. तीन वर्षं हे चाललं.

सहावीत असताना हरिभाऊ मास्तरांनी तिला वर्ग सुटल्यावर थांबवलं. तेच गणित शिकवायचे. त्यांनी तिची वही उजेडाकडे धरली.

"बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहितेस. का?"

ती वही परत घ्यायला पुढे झाली.

"वडलांना विचारू?"

"विचारलंत तर तास वाढतील," ती म्हणाली. "नाही विचारलंत तर आहेत तेवढे राहतील."

मास्तरांनी वही मिटून तिच्या हातात दिली. नंतर कधी विषय काढला नाही. त्याचं तिला बरंही वाटलं आणि वाईटही.

सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये ती मुंबईला परीक्षेला बसली. गणिताचा पेपर तासभर आधीच संपला. सवयीने ती तिसऱ्या प्रश्नाकडे वळली, खोडण्यासाठी टाक टेकवला, आणि थांबली. इथे कमी पडले तर आणखी एक वर्ष माडी. जास्त पडले तर कॉलेज, म्हणजे निदान वसईच्या बाहेर. तिने काही खोडलं नाही.

गणितात ब्याऐंशी पडले. अप्पांनी आळीभर पेढे वाटले, परत येऊन ओट्यावर बसले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॉलेजातल्या इंटरच्या परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका तिच्यापुढे ठेवल्या. "कॉलेज उघडायला तीन आठवडे आहेत."

तेव्हा तिने सांगून टाकलं. "अप्पा, मी तीन वर्षं मुद्दाम चुकत होते. मला वर कोंडल्यासारखं व्हायचं."

गठ्ठ्यावरचा हात त्यांनी काढून घेतला. तिला वाटलं, आता त्यांना कळलं.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "ब्याऐंशी हे तीन वर्षं वाया घालवून. नाहीतर तुला पंचाण्णव पडले असते, प्रमू."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसतं नवल होतं, आणि एक नवी आशा होती.

ती गठ्ठा घेऊन माडी चढली. पुढे ती बी.ए. झाली, वसईतच शिक्षिका झाली. अप्पा होते तोवर तिच्या प्रत्येक परीक्षेच्या आधी कुठून तरी जुने पेपर मिळवून आणत राहिले, आणि तिने ते सगळे सोडवले.