पाण्याची हाक

रत्नागिरीत त्या काळी मोठा माणूस धावताना दिसला की त्याची दोनच कारणं असत. एक तर एसटी सुटलेली असे, नाहीतर कुणीतरी गेलेलं असे. तिसरं कारण मी होतो, आणि ते लोकांच्या गळी उतरायला फार वेळ लागला.

अठ्ठ्याण्णव सालचा पावसाळा संपला आणि मी धावायला लागलो. ऑफिसात बसून बसून पोट सुटलं होतं, जिना चढताना धाप लागत होती, आणि वडील ज्या वयात गेले ते वय फार लांब राहिलं नव्हतं. त्यात गावातल्या काही हौशी मंडळींनी हातखंब्यापासून गावापर्यंत धावण्याची शर्यत ठरवली. चहाच्या टपरीवर चारचौघांत मी "आपण पण धावणार" असं बोलून गेलो. बोलण्यात मी पहिल्यापासून वेगवान.

खरी अडचण पायांची नव्हती, हाफ पँटची होती. बायकामुलं असलेला माणूस उघड्या पोटऱ्यांनी रस्त्यावर कसा उतरणार? मी वरून फुल पँट घालून घराबाहेर पडे, मारुती मंदिराच्या पुढे गेलो की आजूबाजूला बघून ती काढी आणि एका बंद दुकानाच्या फळीवर ठेवून पुढे सुटे. एकदा परतायला उशीर झाला. दुकान उघडलं होतं, माझी पँट नीट घडी करून काउंटरवर ठेवलेली होती आणि दुकानदार गिऱ्हाइकांना तिची हकिकत सांगत होता. मी ती घेतली आणि सगळ्यांच्या देखत एका पायावर उड्या मारत चढवली. त्यानंतर फुल पँटचं सोंग मी बंद केलं.

लाज मात्र संपली नाही, तिने जागा बदलली. ओळखीचे लोक स्कूटर थांबवून "बसा, सोडतो" म्हणत. नको म्हटलं की त्यांना राग येई. "धावतोय" म्हटलं तर ते विचारत, "ते दिसतंय हो, पण कशाला?" साळवी स्टॉपपर्यंत कसाबसा जायचो, मग कुशीत कळ यायची आणि चालायला लागायचो. पाठीमागून गाडीचा आवाज आला की पुन्हा धावायचो, गाडी गेली की पुन्हा चालायचो. एखाद्या सकाळी पाय असे हलके पडत की वाटे, उगाच आपण इतकी वर्षं बसून घालवली. दुसऱ्याच दिवशी तेच पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे जड. गुडघा दुखे. बायको तेल चोळून देई आणि चोळताना मुद्दाम जोर लावी. पण हळूहळू कुवारबाव मागे पडायला लागलं आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होऊ लागलो. तिथेच घात झाला.

माझी आत्या हातखंब्याच्या वाटेवर, मोठ्या रस्त्यापासून आत एका वाडीत राहायची. आम्ही तिला आते म्हणायचो आणि तिच्या यजमानांना काका. त्या हिवाळ्यात काकांच्या छातीत दुखलं आणि त्यांना गावातल्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरीत. तो येऊन दोन दिवस राहून गेला. मग डबा, औषधं आणि डॉक्टरांशी बोलणं हे सगळं माझ्याकडे आलं. आते आधी दवाखान्यातच बसून होती, पण घरी म्हैस होती आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात चालत नव्हता. निघताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काय झालाच तर तूच ये. फोन नको, दुसरा कोन पन नको. तुज्याच तोंडून कळू दे."

मी हो म्हटलं आणि विसरलो. म्हणजे शब्द लक्षात होते, त्यांचा अर्थ काय होतो ते विसरलो.

शनिवारी संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, सोमवारी घरी न्या. काका उठून बसले होते आणि दवाखान्याच्या पेजेला नावं ठेवत होते. रविवारी पहाटे मी धावायला निघालो तेव्हा मन इतकं मोकळं होतं की पायांना त्याची खबर लागली असावी. साळवी स्टॉप गेला, कुवारबाव गेलं, कुठे कळ नाही की धाप नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी न थांबता, न चालता इतक्या लांब आलो होतो. म्हटलं आता आतेकडेच जाऊ. पाणी पिऊ, काका येताहेत ही गोड बातमी देऊ आणि एसटीने परत फिरू. मोठा रस्ता सोडून मी वाडीच्या पाखाडीला लागलो. उतार होता. कुणीतरी बघेल, बघू दे, असं पहिल्यांदाच वाटलं, आणि मी होता नव्हता तेवढा जोर लावून जांभ्याच्या पायऱ्या उतरत सुटलो.

लोकांनी बघितलं. विहिरीवरच्या बायकांनी बघितलं, दात घासणाऱ्या म्हाताऱ्याने बघितलं, गोठ्यातून बाहेर येणाऱ्या माणसाने बघितलं. मी हात हलवला, कुणी उलट हलवला नाही. माझ्यामागे पावलं वाजायला लागली तेव्हा मला वाटलं, गंमत म्हणून येताहेत.

आतेच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन मी थांबलो. बुटांना लाल माती, बनियन पिळून काढण्यासारखं, म्हणून पडवीत चढलो नाही. गुडघ्यांवर हात टेकले, मान खाली घातली आणि श्वास गोळा करायला लागलो. आते दुधाची चरवी घेऊन गोठ्यातून आली. मला बघून जागेवरच उभी राहिली.

"काय झाला?" ती म्हणाली.

तोंडातून शब्द फुटेना. मी मान न उचलता एक हात वर केला आणि हलवला. थांब, सांगतो, असं मला म्हणायचं होतं.

चरवी खाली पडली. आते जोत्याशी बसली आणि तिने दोन्ही हात जोत्याच्या कडेवर आपटले. हिरव्या बांगड्यांचा चुरा झाला. मग ती जे ओरडली ते मी अजून विसरलेलो नाही.

आमच्याकडे मयताची खबर घेऊन येणारा माणूस खळ्यातच उभा राहतो. पडवीत चढत नाही, बसत नाही, पाणी मागत नाही. खाली मान घालून मुकाट उभा राहतो आणि त्यावरूनच घरातल्यांनी काय ते समजायचं असतं. लहानपणापासून मी हे बघत आलो होतो. तरीही भल्या पहाटे धावत येऊन मी अगदी तसाच उभा राहिलो, आणि तेही ती माझीच वाट बघत असताना.

"आते, काका बरे आहेत," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. बायकांनी तिला धरलं होतं, रडणं सुरू झालं होतं. एकाने बांबू तोडायला कोयता उचलला होता. शेजारचा माणूस मुलाला मुंबईला फोन लावायला दुकानाकडे निघाला होता. मी ओरडलो, "अहो, बरे आहेत काका, उद्या घरी येताहेत, मी नुसता धावायला आलोय." हे शेवटचे शब्द मात्र सगळ्यांनी ऐकले.

फोन करायला निघालेला माणूस मात्र पाखाडी चढून गेला होता. मी त्याच्यामागे धावलो. दोन महिने सराव केलेला मी, आणि तो पायात स्लिपर घालून. पोटरीत गोळा आला आणि मी वाटेतच पाय धरून बसलो. तो दिसेनासा झाला. लंगडत दुकानाशी पोचलो तेव्हा तो फोन आपटत होता. लाइन गेलेली होती. आमच्याकडच्या टेलिफोनला मी जन्मात एकदाच दुवा दिला, तो त्या दिवशी.

परत आलो तेव्हा खळ्यातलं रडणं थांबलं होतं. कोयता जागेवर गेला होता. शेजारची एक म्हातारी साबण लावून स्वतःच्या हातातल्या बांगड्या काढत होती आणि आतेच्या हातात चढवत होती. नवरा जिवंत असताना बांगड्या फुटल्या असं आमच्याकडे बाई तोंडाने म्हणतसुद्धा नाही, वाढल्या म्हणते. आतेने तर त्या स्वतः आपटून फोडल्या होत्या. कुणीतरी हळूच विचारलं, "पन ह्यो धावतो कशाला?" शर्यत, पोट, वडिलांचं वय, हे सगळं त्या खळ्यात उच्चारायची मला लाज वाटली.

आते उठली, आत गेली आणि तांब्या घेऊन आली. तिच्या मनगटावर रक्त होतं. "पी," ती म्हणाली. मी प्यायलो. एवढं जड पाणी मी कधी प्यायलेलं नाही. मग एसटीत हाफ पँटवर उभा राहून घरी आलो. बसायला जागा होती, पण बसलो नाही.

सोमवारी काकांना घरी पोचवलं. आतेच्या हातांकडे बघून ते म्हणाले, "ह्या कुठल्या?" ती म्हणाली, "जुन्या वाढल्या." माझ्याकडे तिने बघितलं नाही. तेव्हापासून माझ्या मनात एकच भीती बसली. आता काकांना काही झालं तर ते माझ्यामुळे झालं असं वाडी म्हणणार, आते मनात म्हणणार, आणि मी तर आधीच म्हणत होतो. शकुन-अपशकुन मानणाऱ्यांना मी हसायचो. पण त्या महिन्यांत काका नुसते खोकले असं कुणाकडून कळलं तरी मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे विचारायला जाई. धावणं सोडलं. शर्यतीच्या दिवशी खिडक्या लावून घरात बसलो. मला कुणी काही विचारलं नाही. सगळ्या गावाला कारण माहीत होतं.

वाडीत जाणंही मी टाळलं. शेवटी शिमग्यानंतर आतेच आमच्याकडे आली, कोकमाची सोलं घेऊन. बायको चहा टाकायला आत गेली तशी म्हणाली, "येत नायस तो. लाज वाटते?"

"वाटते," मी म्हणालो.

"वाटू दे. वाटायलाच व्हयी. पन ये." तिने सोलांची पुडी माझ्यापुढे सरकवली. "ह्यांना कळलाय सगळा. ‘माज्या मयताची रंगीत तालीम केलान’ म्हनतात नि हसतात. मला हसू नाय येत. तू धाव, मी नको म्हनत नाय. पन पाखाडीच्या वरनंच हाक मारायची. आते, पानी. म्हंजे मला कळल, वाडीला कळल."

पुढच्या रविवारपासून तसंच सुरू झालं. पाखाडीच्या टोकाशी आलो की मी सगळा दम एकवटून ओरडे, "आते, पाणी!" विहिरीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. म्हातारे माझी नक्कल करत. पुढल्या वर्षीच्या शर्यतीत मी धावलो तेव्हा काका वाडीच्या वळणावर तांब्या घेऊन उभे होते. मी अगदी मागे होतो, जवळजवळ चालत होतो. ते मोठ्याने म्हणाले, "कोन गेला रे?" रस्त्याच्या कडेची सगळी माणसं हसली. मान खाली घालून मी पाणी प्यायलो आणि पुढे गेलो.

बरीच वर्षं गेली. गुडघ्याने मधेमधे साथ सोडली, मधेमधे दिली. रस्त्यावर हाफ पँटवाले वाढले, ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले. दुकानातला तो फोन निघून गेला. हाक तेवढी राहिली. एखाद्या रविवारी मला जमलं नाही तर आते नंतर विचारी, "हाक आली नाय?"

मग काकांना पुन्हा त्याच दवाखान्यात ठेवलं. म्हैस केव्हाच विकली होती, पण आतेला आता प्रवास झेपत नव्हता. ती घरीच होती. एका सकाळी काका गेले. नर्सने मला सांगितलं तेव्हा माझ्या खिशात मोबाइल होता आणि आतेच्या शेजाऱ्यांकडेही होता. मी कुणाला फोन केला नाही. रिक्षा करून गेलो, ती मोठ्या रस्त्यावर सोडली आणि पाखाडीकडे निघालो.

वरच्या टोकाशी क्षणभर थांबलो. वाटलं, हाक मारावी. मी खळ्यात पोचेपर्यंत तरी तिला सगळं नेहमीसारखं वाटेल. मग स्वतःचीच लाज वाटली, कारण तो वेळ मला तिच्यासाठी नको होता, माझ्यासाठी हवा होता. मी चालत राहिलो. विहिरीवरच्या बायकांनी बघितलं आणि त्या उभ्या राहिल्या.

आते जोत्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी खळ्यात उभा राहिलो. धाप नव्हती, घाम नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांतल्या चपलांकडे. सूप बाजूला ठेवलं आणि हात मांडीवर घेतले. या खेपेला तिने ते आपटले नाहीत.

"आज पानी नाय मागलास," ती म्हणाली.